खडी फोडली त्यांची पेन्शन कुठाय?

कारेगाव, ता. शिरूर



१ ऑक्टोबरला ज्येष्ठ नागरिक दिन असतो. युनोनं १९९० साली ठराव केला आणि १९९१ पासून तो जगभर पाळतात. आपल्याकडं पाळतात म्हणजे काय करतात? हॉल घेतात, शाल आणतात, नारळ आणतात, आणि पांढऱ्या शर्टातला एखादा पाहुणा उठून म्हणतो की ही राष्ट्र उभारणारी पिढी आहे, हिचे आपल्यावर उपकार आहेत, आणि बघा कशी हिची आबाळ चाललीय. समोर बसलेलं कोण? निवृत्त हेडमास्तर, निवृत्त बँक मॅनेजर, निवृत्त डेप्युटी इंजिनियर. बसू द्या. त्यांच्याशी माझं भांडण नाही. म्हातारपण त्यांनाही आलंय, गुडघे त्यांचेही दुखतात, पोरं त्यांचीही लांब गेलीत. पण त्या हॉलमध्ये एक साधा प्रश्न कुणी विचारत नाही, म्हणून मी विचारतो. हे राष्ट्र उभारलं म्हणता, ते हातानं उभारलं का तोंडानं? हातानं उभारलं असेल तर ते हात ह्या हॉलमध्ये का नाहीत?

राष्ट्र ही काय हवेत लटकलेली चीज नाही. राष्ट्र म्हणजे पाझर तलावाचा बांध. रस्त्याखालची खडी. रुळाखालचा स्लीपर, गटाराचा पाइप, मांजरपाटाचा तागा. ह्यातली एक वस्तू भाषणातून निघत नाही, माणसाच्या पाठीतून निघते. आणि महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर कुणाच्या पाठीतून निघाली त्याचा हिशेब १९७२ च्या दुष्काळानं मस्टरवर लिहून ठेवलेला होता.

बहात्तरचा दुष्काळ तुम्ही-आम्ही पाह्यलेला नाही. पण आपल्या म्हाताऱ्या अजून त्याच्यावरून काळ मोजतात. 'बहात्तर सालच्या दुष्काळात थोरला पोटात व्हता', असं बोलतात. आपला शिरूर तालुका, पलीकडं दौंड, नगरच्या अंगाला पारनेर, श्रीगोंदा, हा सगळा पर्जन्यछायेचा पट्टा. पाऊस सह्याद्रीवर सांडतो आणि आमच्याकडं नुसते ढग पाठवतो. पिकं गेली, विहिरी आटल्या, तेव्हा सरकारनं दुष्काळी कामं काढली. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात ह्या कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. पन्नास लाख! कुठल्या लढाईला कुठल्या सरकारनं एवढी फौज जमवलीय? बाया, बाप्ये, पोटुशा, हातोडी उचलता येणारी पोरं. खडी फोडायची, ब्रासवर माप द्यायचं, मस्टरवर अंगठा उठवायचा. खायला रेशनची लाल मिलो, नाहीतर सुकडी. माळावर सावलीला झाड नाही, तर डोक्यावरची पाटी उपडी टेकवून तिच्या आडोशाला तान्हं झोपवायचं आणि परत हातोडी घ्यायची.

त्या कामांतून पाझर तलाव झाले, नालाबांध झाले, गावाला गाव जोडणारे रस्ते झाले. आणखी एक गोष्ट झाली, ती दगडापेक्षा मोठी. काम मागणं हा माणसाचा हक्क आहे, हा कायदा झाला. वि. स. पागे ह्यांनी मांडलेली रोजगार हमी १९७७ साली कायद्यात आली, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाली. २००५ साली दिल्लीनं देशभराला रोजगार हमीचा कायदा दिला तो ह्याच पायावर. पुस्तकांत पागेसाहेबांचं नाव आहे. असावंच. पण ज्यांनी उन्हात बसून दाखवून दिलं की फुकटचं अन्न नको, काम द्या, त्या ५० लाखांचं नाव कुठल्या पुस्तकात आहे? मस्टरवर होतं. मस्टरं वाळवीच्या पोटात गेली असतील.

कुणी म्हणेल, दुष्काळात काय नुसते दलितच होते का? नव्हते. पाटलाची सून पण खडीवर आली होती, धनगर, माळी, रामोशी सगळे होते. दुष्काळानं तेवढ्यापुरती जात बसवली. पण पाऊस पडला तशी पाटलाची सून शेतावर परत गेली, कारण तिला परत जायला शेत होतं. आपल्या बाया खडीवरच राहिल्या. मग ऊसतोडीला गेल्या, वीटभट्टीवर गेल्या, बिगारीला गेल्या. बहात्तर साली जी विशीत होती ती आज सत्तरी ओलांडून बसलीय आणि तिच्याकडं त्या पन्नास वर्षांचा एक कागद नाही.

माझी आजी त्या फौजेतली. तिच्या बोटांवर रेषा नाहीत. मी कवितेची प्रतिमा करून सांगत नाही, खरोखर नाहीत. खडी, कोयता, विटा आणि चुना ह्यांनी साफ घासून टाकल्यात. आता रेशनला यंत्र आलं. बोट ठेवा. यंत्र म्हणतं परत ठेवा. दुकानदार म्हणतो, "आजी, घरनं हाताला तेल लावून येत जा." तेल लावून रेषा उगवत्यात व्हय? डोळ्याचंही यंत्र असतं म्हणे, पण डोळ्यात मोतीबिंदू बसलेला. एका कचेरीत तिला हयातीच्या दाखल्यासाठी नेलं. टेबलावरचा माणूस पडद्यातनं मान वर न काढता म्हणाला, "अंगठा मॅच होत नाही, हयात असल्याचं दिसत नाही." आजी पुढ्यात उभी राहून खोकत होती. ती म्हणाली, "मंग हे कोण खोकतंय रं?"

ऐकून रांगेतले हसले. मीही हसलो. रात्री पाळीवर साच्यापुढं उभा होतो तेव्हा त्या हसण्याचा राग आला. ज्या राष्ट्रानं तिच्या बोटाच्या रेषा आपल्या रस्त्यांवर घासून घेतल्या तेच राष्ट्र तिला म्हणतंय, रेषा दाखव, मग ओळखतो. ह्याला तांत्रिक अडचण म्हणतात. शहाणी भाषा आहे, तिच्यात गुन्हा असतो पण गुन्हेगार नसतो.

आता पैशाचं बोलू.

आपल्या म्हाताऱ्यांना जी योजना आहे तिचं नाव श्रावणबाळ. नाव ठेवणाऱ्यानं पोथी नीट वाचली नसावी. आंधळ्या आईबापाला कावडीत घेऊन फिरणारा पोरगा पाणवठ्यावर पाणी भरायला गेला आणि राजानं त्याला बाण मारला, अशी ती गोष्ट आहे. पाणवठ्यावर गेलेल्याला वरून मार बसतो ही गोष्ट आपल्याला नवी नाही. असो. योजनेत मिळतात महिन्याला १,५०० रुपये. २०१९ पर्यंत ६०० होते, मग १,००० झाले, २०२३ पासून १,५००. वय ६५ पुरं पाहिजे, १५ वर्षांचा महाराष्ट्रातला रहिवास पाहिजे, आणि कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत पाहिजे.

२१,००० ला ३६५ नं भागा. दिवसाला ५७ रुपये ५३ पैसे. हे एका माणसाचं नाही, कुटुंबाचं. दिवसाला सत्तावन्न रुपयांत जगणारं कुटुंब मला दाखवा. पुणे जिल्ह्यात दाखवा, महाराष्ट्रात कुठंही दाखवा. वेठबिगारसुद्धा त्यापेक्षा जास्तीचं खातो. म्हणजे काय, तर हा दाखला कुणालाच खरा मिळू शकत नाही. ज्याला मिळतो त्याला खोटा मिळतो. कायद्यानंच गरिबाला सांगितलं की खोटं लिही, मग देतो. आणि खोटं लिहायचं म्हटलं की खोटं लिहून देणारा आला, त्याचा एजंट आला, एजंटाचा दर आला. जो म्हातारा सरळ मनानं सांगतो की पोरगा कंपनीत जातो, महिन्याला बारा हजार आणतो, तो बाद. ज्याच्या मागं पुढारी आहे तो आत. तालुक्याला संजय गांधी निराधार योजनेची समिती असते, तिच्यावर सत्तेतल्या पक्षाची माणसं बसतात. अर्ज त्यांच्या हातातून जातो. निवडणुकीला म्हातारी कुठं बोट दाबणार हे तिथंच ठरतं. ह्याला तुम्ही कल्याणकारी राज्य म्हणता! अहो, ही तर येसकराची भाकर झाली. दारात उभं राहून मागायची, आणि वाढणाऱ्याची मर्जी असेल तर पदरात पडायची.

ह्याच्या शेजारी दुसरी योजना ठेवून बघा. २०२४ च्या जुलैत लाडकी बहीण आली. तिचेही महिन्याला १,५०० च. वय २१ ते ६५, कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा २,५०,०००. बायांच्या हातात पैसे आले, माझी काही तक्रार नाही. पण नियम नीट वाचा. बाई चौसष्ट वर्षांची असते तोवर तिच्या घरात अडीच लाख आले तरी ती गरीब. पासष्टी ओलांडली की त्याच घरात एकवीस हजारांच्या वर आले तर ती श्रीमंत. एका वाढदिवसात ही बाई दोन लाख एकोणतीस हजारांनी कशी काय श्रीमंत झाली? हे कोडं मंत्रालयातल्या कुणीतरी सोडवून द्यावं. माझं उत्तर असं आहे की तरण्या बाईच्या मागं घरातली चार मतं चालत येतात, म्हातारीच्या मागं नुसती काठी येते.

केंद्र सरकारचं तर विचारूच नका. दारिद्र्यरेषेखालच्या म्हाताऱ्यासाठी दिल्लीचा वाटा महिन्याला २०० रुपये. ८० च्या पुढं जगलाच तर ५००. हे २०० रुपये २००७ पासून २०० च आहेत. ह्या काळात खासदारांचे पगार किती वेळा वाढले ते तुम्हीच मोजा.

आणि कारखान्यात घाम गाळलेल्यांचं काय? त्यांना पी.एफ.ची पेन्शन आहे, १६ नोव्हेंबर १९९५ पासून. हिशेब सोपा आहे. पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. पण पगार खरा धरत नाहीत, ठरवून दिलेल्या मर्यादेपर्यंतच धरतात. २०१४ च्या आधी ती मर्यादा ६,५०० होती, नंतर १५,०००. म्हणजे ६,५०० वर दहा वर्षं भरली तर ९२८ रुपये. सप्टेंबर २०१४ पासून 'किमान १,०००' असा उपकार झाला, म्हणून ७२ रुपये वरून. त्याच्या आदल्या वर्षी, २०१३ साली, राज्यसभेच्या कोश्यारी समितीनं सांगितलं होतं की किमान ३,००० करा. समितीचा अहवाल कपाटात गेला. म्हातारे रस्त्यावर आले. बुलढाण्यात डिसेंबर २०१८ मध्ये साखळी उपोषणाला बसले आणि वर्षानुवर्षं बसून राहिले. मागणी ७,५००, त्यावर महागाई भत्ता, आणि औषधपाणी.

आता हे बघा. १ एप्रिल २०२५ पासून केंद्रानं आपल्या स्वतःच्या नोकरांसाठी नवी एकीकृत पेन्शन आणली. दहा वर्षं नोकरी झाली की किमान १०,०००. इकडंही दहा वर्षं, तिकडंही दहा वर्षं. साच्यावरची दहा वर्षं हजाराची आणि टेबलावरची दहा हजाराची. मनूनं एवढ्या सफाईनं भागाकार केला नव्हता.

मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रातले सरकारी नोकर जुन्या पेन्शनीसाठी संपावर गेले. 'एकच मिशन, जुनी पेन्शन.' त्यात आपलेही बरेच होते, राखीव जागेवर लागलेले. लढले ते चांगलंच केलं, म्हातारपणाची भाकर मागणं हा गुन्हा नाही. माझं म्हणणं एवढंच की ज्या आईनं खडी फोडून त्यांना त्या खुर्चीपर्यंत पोचवलं ती त्या घोषणेत कुठं होती? 'एकच मिशन' म्हणताना ते एक मिशन कुणापुरतं होतं?

गिरणीवाला आहे म्हणून गिरणीचं थोडं सविस्तर बोलतो. मुंबईच्या गिरण्यांत आपली माणसं गेली ती रिंग खात्यात. माग खात्यात त्यांना घेत नव्हते. का? तर धोट्यातली कांडी बदलताना धाग्याचं टोक तोंडानं ओढून घ्यावं लागायचं. महाराचं तोंड लागलेला धोटा दुसऱ्यानं तोंडाला कसा लावायचा? कापडाला बाट लागत नव्हता, मालकाच्या नफ्याला बाट लागत नव्हता, फक्त धोट्याला लागत होता. माग खात्यात पगार जास्त, रिंग खात्यात कमी. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढं हाच प्रश्न टाकला की कामगारांची एकी म्हणता, तर माग खातं आमच्यासाठी उघडता का? पुढाऱ्यांची अडचण झाली. अडचण व्हायलाच पाहिजे होती. आता ह्या गोष्टीचा म्हातारपणाशी काय संबंध, असं वाटेल. कमी पगाराचा फंड कमी, ग्रॅच्युइटी कमी, मुंबईत भाड्याची खोलीसुद्धा लहान. धोटा तोंडाला लावायची बंदी अशी शेवटच्या दिवसापर्यंत माणसाच्या ताटात येते.

मग १८ जानेवारी १९८२ चा संप. अडीच लाख कामगार बाहेर पडले. संपाचा इतिहास तुम्हाला ठाऊक आहे, तो उगाळत नाही. पेन्शनीची योजना आली १९९५ च्या नोव्हेंबरात. ज्याचं गेट ८२ सालीच बंद झालं त्याला ती कशी लागणार? उरली जमीन. १९९१ च्या नियमाप्रमाणं गिरणीच्या जमिनीचा तिसरा हिस्सा महापालिकेला, तिसरा म्हाडाला, तिसरा मालकाला जायचा होता. २००१ साली नियमात हळूच बदल केला की हिस्से पाडायचे ते फक्त मोकळ्या जमिनीचे. बांधकामाखालची जमीन मालकाच्या घशात. २००६ साली सुप्रीम कोर्टानंही त्यावर मोहोर मारली. घरासाठी अर्ज केले सुमारे पावणेदोन लाख गिरणी कामगारांनी आणि वारसांनी. २०१२ ची पहिली सोडत निघाली ६,९२५ घरांची. संपाला तीस वर्षं झाली होती. कित्येकांच्या नावापुढं तोवर 'वारस' हा शब्द लागला होता. जिथं साचे फिरत होते तिथं आता काचेचे मनोरे आहेत, आणि ज्यानं साचे फिरवले त्याला पनवेलच्या पलीकडं जा म्हणतात.

तुम्ही म्हणाल, हे कामाचं झालं, त्यागाचं काय? राष्ट्रासाठी जेलात गेलेल्यांना तर सरकार मान देतं. देतं की! आणीबाणीत जेलात गेलेल्यांना महाराष्ट्र सरकारनं २०१८ साली मानधन सुरू केलं. महिन्याच्या वर जेल झालेल्यांना १०,०००, कमी झालेल्यांना ५,०००. २०२० ला बंद केलं, २०२२ ला परत सुरू केलं, २०२५ ला दुप्पट केलं. आता २०,००० आणि १०,०००. आणीबाणी वाईटच होती, तिच्याविरुद्ध जेलात गेले त्यांना द्या. पण मला सांगा, १९६४–६५ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात दादासाहेब गायकवाडांच्या मागं लाखांनी माणसं जेलात गेली, त्यांचं मानधन किती? पडीक जमीन कसणाऱ्याला द्या, धान्याचे भाव खाली आणा, पार्लमेंटात बाबासाहेबांचा फोटो लावा, ह्या मागण्या होत्या. ह्यातली कुठली मागणी राष्ट्राच्या विरोधातली होती? २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात वस्त्या जळाल्या. त्या ठरावाची अंमलबजावणी करा एवढंच मागत १४ जानेवारी १९९४ पर्यंत, साडेपंधरा वर्षं, माणसं लाठ्या खात राहिली, जेल भरत राहिली. विधिमंडळाचाच ठराव अमलात आणा म्हणणाऱ्याला लोकशाहीचा सैनिक का म्हणत नाहीत? जेलच्या भिंती त्याच, डाळ तीच, ढेकूण तेच. फरक कैद्याच्या आडनावात.

आता आपल्या घरातलं बोलतो. झोंबलं तर झोंबू द्या.

आपल्यातल्या काही तरुण मित्रांना म्हाताऱ्यांची लाज वाटते. 'जोहार मायबाप करणारी पिढी' म्हणतात. 'बाटलीवर मत विकणारी' म्हणतात. अरे, येसकरकी कुणी सोडली? मेलेली ढोरं ओढायची कुणी थांबवली? १९५६ नंतर देव्हाऱ्यातले देव पाटीत भरून नदीत कुणी सोडले? तुम्ही-मी नाही सोडले, आपल्याला तर रिकामा देव्हाराच मिळाला. त्यांनी ढोर ओढायचं सोडलं तेव्हा गावानं दळण बंद केलं, वाटा अडवल्या, बलुतं बुडालं, आणि ते उपाशी राहून हट्टाला पेटले. विद्रोह हा शब्द त्यांना लिहिता येत नव्हता.

दरवर्षी १ जानेवारीला आपण पेरण्याच्या विजयस्तंभावर जातो. बाबासाहेब १९२७ साली तिथं आले होते. लाखांनी निळं पाणी लोटतं. त्याच पुणे–नगर रस्त्यानं पुढं आलं की रांजणगावची एमआयडीसी, तिला लागून आमचं कारेगाव. त्या दिवशी आमच्या वस्तीतून जीपा भरून जातात. मीही जातो. १८१८ साली लढलेल्यांची नावं दगडावर कोरलीत, त्यांना सलाम करतो. आणि रात्री परत येतो तेव्हा बहात्तरला लढलेली म्हातारी ओट्यावर अंधारात बसलेली असते, तिचं नाव कुठल्या दगडावर नाही. दगडच तिनं फोडलेत.

आणि हे काही आपल्या चळवळीच्या बाहेरचं काम नाही. भीमाचा बाप सुभेदार रामजी हे लष्कराचे पेन्शनर होते. महाराची लष्करभरती बंद झाली त्या काळातही त्या घराला पेन्शनीचा टेकू होता. पोरानं एल्फिन्स्टन हायस्कुलात जावं, पुस्तकं आणावीत, हा हट्ट बापाला धरता आला त्याला तो टेकू कारण होता. पेन्शन म्हाताऱ्याच्या पोटातच राहते असं समजू नका, ती नातवाच्या पाटीपर्यंत जाते. बाबासाहेबांना हे घरातून ठाऊक होतं. म्हणून १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी मागितलं की विमा सरकारच्या मालकीचा करा, आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाचा त्याच्या वेतनाच्या प्रमाणात आयुर्विमा सक्तीचा करा, आणि हे संविधानातच लिहा, म्हणजे उद्याच्या बहुमताला मोडता येणार नाही. तसं झालं नाही. म्हातारपण गेलं कलम ४१ मध्ये. तिथं लिहिलंय की बेकारी, म्हातारपण, आजार ह्यांत राज्यानं मदत करावी, पण आपल्या आर्थिक ऐपतीच्या मर्यादेत. आणि कलम ३७ म्हणतं की ह्यासाठी कोर्टात जाता येणार नाही. आपण कलम १५, १६, १७ पाठ केलीत. ४१ कितीजणांनी वाचलंय?

२०१२ साली बाबा आढाव आणि अरुणा रॉय ह्यांनी पेन्शन परिषद उभी केली. मागणी काय, तर काबाडकष्ट करणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्याला किमान वेतनाच्या निम्मी पेन्शन, दारिद्र्यरेषेची भानगड न लावता. हमालांच्या पुढाऱ्यानं हे मागितलं. ही मागणी आधी आपल्या स्टेजवरून यायला पाहिजे होती. आपल्या स्टेजवर त्या वर्षांत काय चाललं होतं? कुठल्या गटाचा कुठला अध्यक्ष खरा, हे.

सरकारचं उत्तर मला पाठ आहे. पैसा नाही. पैसा नाही तर वीस हजारांचं मानधन कुठून आलं, मिल मालकाला सोडलेली जमीन कुठून आली? ऐपतीची मर्यादा रिंग खात्यापुरतीच कशी? दुसरं उत्तर, पोरांनी सांभाळावं. त्यासाठी २००७ चा कायदाही आहे, आईबापाला न सांभाळणाऱ्या पोराला प्रांताकडं खेचता येतं, महिन्याला दहा हजारांपर्यंत पोटगी लावता येते. ज्याच्या पोराला फ्लॅट आहे त्याला तो कायदा उपयोगी आहे, असू द्या. पण आमच्या कारेगावात या. पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा, एका खोलीत सहा पोरं, मराठवाड्यातली, विदर्भातली, युपी-बिहारची. पाळीवरनं आलेला झोपतो, गेलेल्याची पथारी तोच वापरतो. कंत्राटदार बदलला की फंडाचं खातं बदलतं, सलग दहा वर्षं कुणाची भरत नाहीत. ह्यांनी आईबापाला कुठल्या पथारीवर निजवायचं? पोरगा नालायक आहे म्हणून म्हातारी उपाशी नाही. पोराला सांभाळण्याइतकं देत नाहीत आणि वर त्यालाच नोटीस काढतात.

वस्तीत आम्ही चौघांनी एक वही केलीय. शंभर पानी, लाल पुठ्ठ्याची. नाव, वय, आयुष्यात कुठलं कुठलं काम केलं, आणि कुठला कागद नाही, असे चार रकाने आखलेत. तिसरा रकाना पुरत नाही, मागच्या पानावर जावं लागतं. वयाचा घोळ सगळ्यांचाच. शाळेत गेले नाहीत तर दाखला कुठला? आधारवर निम्म्या म्हाताऱ्यांचा जन्म १ जानेवारीचाच टाकलाय. आम्ही वयं दुष्काळावरून काढतोय, धर्मांतरावरून काढतोय. 'नागपूरला बाबासाहेब आले तवा मी रांगत व्हतो' म्हणाला की सत्तर.

तुमच्या गावातही अशी वही करा. कागद लागतात ते असे: आधार, रेशन कार्ड, वयाचा पुरावा, १५ वर्षांचा रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँकेचं पासबुक. उत्पन्न खरं आहे तेवढंच लिहायचं. अर्ज फेटाळला तर कारण लेखी मागायचं, तोंडी ऐकून परत यायचं नाही, अशा फेटाळलेल्या अर्जांचा गठ्ठा झाला म्हणजेच २१,००० चा नियम कुणाच्या तरी टेबलावर आपटता येईल. ज्यांचा अंगठा उमटत नाही त्यांना सगळ्यांना एकाच दिवशी नेऊ.

येत्या सोमवारी तालुक्याला जातोय. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी २०२२ पासून फुकट आहे, पासष्टच्या पुढं अर्धं तिकीट, बायांनाही अर्धं. आपलं पूर्ण लागेल, ते ज्यानं त्यानं आणावं. रात्रपाळीवाल्यांनी तसंच यावं, गाडीत झोपता येईल. सकाळी नऊला फाट्यावर.